स्तंभ वर्णलेखनातील स्थिर प्रावस्थेची निवड

स्तंभ वर्णलेखन ही सेंद्रिय संयुगांच्या मिश्रणातील घटक वेगळे करण्याची एक मूलभूत पद्धत आहे. काचेच्या उभ्या नळीत बारीक घन भुकटी भरतात, तिच्या माथ्यावर मिश्रणाचा पातळ थर ठेवतात आणि वरून द्रावक सोडतात. भुकटी जागची हलत नाही, म्हणून तिला स्थिर प्रावस्था म्हणतात. द्रावक भुकटीतून खाली वाहत जातो, त्याला चल प्रावस्था म्हणतात. मिश्रणातील जो घटक भुकटीला कमी चिकटतो तो लवकर खाली येतो आणि जो अधिक चिकटतो तो मागे राहतो. अशा रीतीने एकाच ठिकाणाहून निघालेले घटक निरनिराळ्या वेळी नळीच्या तोंडाशी पोहोचतात व वेगवेगळ्या भांड्यांत गोळा करता येतात.

द्रावक प्रयोग चालू असतानाही बदलता येतो. एकदा भरलेली भुकटी मात्र बदलता येत नाही. त्यामुळे स्थिर प्रावस्थेची निवड हा या पद्धतीतील पहिला निर्णय ठरतो. तो चुकला तर घटक एकत्रच बाहेर पडतात, किंवा भुकटीला इतके घट्ट धरून बसतात की परत मिळत नाहीत, किंवा भुकटीवरच त्यांचे रासायनिक रूप बदलते. ही शेवटची शक्यता सर्वांत फसवी आहे, कारण तीत नळीतून काहीतरी शुद्ध पदार्थ मिळतोच. फक्त तो मूळ मिश्रणात नसतो.

== संज्ञा ==

'वर्णलेखन' हा शब्द ग्रीक भाषेतील 'वर्ण' व 'लेखन' या अर्थांच्या दोन शब्दांपासून बनलेल्या मूळ संज्ञेचा शब्दशः पर्याय आहे. शालेय पाठ्यपुस्तकांत यासाठी 'रंजकद्रव्य पृथक्करण' असाही शब्दप्रयोग आढळतो. दोन्ही शब्द पद्धतीच्या जन्मकथेशी प्रामाणिक आहेत. परंतु आज वेगळी केली जाणारी बहुसंख्य संयुगे रंगहीन असतात, हे विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे. 'अधिशोषण' ही संज्ञाही नीट समजून घ्यावी लागते. शोषणात पदार्थ आत मुरतो, जसे टिपकागदात शाई. अधिशोषणात तो केवळ पृष्ठभागावर धरला जातो आणि योग्य द्रावक मिळताच सुटतो. ज्या घन पदार्थाच्या पृष्ठभागावर असे धरले जाणे घडते त्यास अधिशोषक म्हणतात.

== इतिहास ==

या पद्धतीचा जनक रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत (१८७२–१९१९) होय. त्याच्या आडनावाचा रशियन भाषेतील अर्थ 'रंग' असाच आहे, हा योगायोग पुष्कळदा नोंदवला जातो. वॉर्सा येथे १९०३ मध्ये दिलेल्या व्याख्यानात आणि १९०६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखांत त्याने हिरव्या पानांतील रंजकद्रव्ये खडूच्या भुकटीच्या (कॅल्शियम कार्बोनेटच्या) स्तंभावर वेगळी करून दाखवली. हिरवे व पिवळे पट्टे एकाखाली एक उमटलेले पाहून त्याने पद्धतीला तिचे नाव दिले. त्स्वेतने शंभराहून अधिक घन पदार्थ अधिशोषक म्हणून तपासून पाहिले होते, ही बाब कमी सांगितली जाते. म्हणजे पद्धतीचा शोध आणि स्थिर प्रावस्थेच्या निवडीचा प्रश्न ही दोन्ही एकाच हातून, एकाच वेळी जन्माला आली.

त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षे या शोधाकडे दुर्लक्ष झाले. क्लोरोफिलवरील कामासाठी ख्यातनाम असलेले जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विल्स्टेटर यांना या पद्धतीविषयी शंका होती. नाजूक रंजकद्रव्ये अधिशोषकावर बिघडत नाहीत कशावरून, हा आक्षेप निराधार नव्हता. क्लोरोफिलच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो आणि थोड्याशा आम्लानेही तो निघून जातो. अळूच्या भाजीत चिंच पडली की हिरवा रंग जाऊन मळकट तपकिरी छटा येते, त्यामागे हाच बदल आहे. आम्लधर्मी अधिशोषकावर क्लोरोफिलचे नेमके असेच होते. त्स्वेतचा खडू याबाबतीत सौम्य होता. पुढे क्लोरोफिलसाठी दळलेल्या साखरेचे स्तंभही वापरले गेले. साखरेसारखा घरातला पदार्थ अधिशोषक होऊ शकतो, हे आज प्रयोगशाळेतील तयार डबे पाहिलेल्या विद्यार्थ्याला नवल वाटेल.

हायडेलबर्ग येथे रिचर्ड कून व एडगर लेडरर यांनी १९३१ मध्ये कॅरोटीनचे समघटक स्तंभावर वेगळे केले, तेव्हापासून ही पद्धत खऱ्या अर्थाने वापरात आली. १९४१ मध्ये आर्चर मार्टिन व रिचर्ड सिंज यांनी सिलिका जेलवर पाण्याचा थर धरून ठेवून त्यावरून क्लोरोफॉर्म वाहवला आणि अमिनो आम्लांची ॲसिटिल संयुगे विलग केली. येथे पदार्थ भुकटीला चिकटत नव्हता. तो पाणी व क्लोरोफॉर्म या दोन द्रवांत वाटला जात होता. या 'विभाजन वर्णलेखना'साठी दोघांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सिलिकेवरील पाण्याच्या या थराचा संबंध लेखाच्या शेवटी नाशिकच्या द्राक्षांशी येतो.

== निवडीमागील तत्त्व ==

रेणूतील विद्युतभार सर्वत्र सारखा पसरलेला नसेल तर त्या रेणूस ध्रुवीय म्हणतात. हायड्रॉक्सिल, अमिनो, कार्बॉक्सिल अशा क्रियात्मक गटांमुळे ध्रुवीयता वाढते. केवळ कार्बन व हायड्रोजन असलेले रेणू बहुतांशी अध्रुवीय असतात. सिलिका व अ‍ॅल्युमिना यांचे पृष्ठभाग ध्रुवीय आहेत, त्यामुळे त्यांवर ध्रुवीय रेणू अधिक काळ टिकून राहतात. साधारणपणे हायड्रोकार्बने सर्वांत आधी बाहेर येतात. त्यांच्यामागून ईथर, एस्टर, कीटोन, अल्कोहोल अशा क्रमाने संयुगे उतरतात आणि कार्बॉक्सिलिक आम्ले शेवटी येतात. एकाच रेणूत दोन-तीन गट असतील किंवा एखादा गट रेणूच्या घडीत दडलेला असेल, तर हा क्रम मोडतो. म्हणून तो पाठ करण्यापेक्षा त्यामागील कारण समजणे बरे.

द्रावकही या ओढाताणीत भाग घेतो. तो भुकटीवरील जागा स्वतः व्यापून रेणूंना हुसकावतो. हेक्झेन हे काम जवळजवळ करत नाही, एथिल ॲसिटेट बऱ्यापैकी करते, मेथॅनॉल जोराने करते. द्रावक बदलून पुष्कळ काही साधते. तरीही दोन रेणूंमध्ये जो फरक स्थिर प्रावस्थेला 'दिसतच' नाही, तो कोणत्याही द्रावकाने दाखवता येत नाही. त्यामुळे 'या दोन संयुगांत फरक कशाचा आहे आणि तो कोणत्या पृष्ठभागाला जाणवेल?' हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

== सिलिका जेल ==

आज सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरली जाणारी स्थिर प्रावस्था सिलिका जेल ही आहे. तिचे कण सच्छिद्र असतात. नेहमीच्या प्रकारातील रंध्रांचा व्यास सुमारे ६० अँगस्ट्रॉम असतो आणि एका ग्रॅम सिलिकेचा एकूण पृष्ठभाग ५०० चौरस मीटरच्या आसपास भरतो. या पृष्ठभागावर सिलिकॉनला जोडलेले हायड्रॉक्सिल गट (सिलॅनॉल) असतात. रेणूंशी हायड्रोजन बंध करण्याचे काम तेच करतात.

कणांचा आकार भारतात चाळणीच्या 'मेश' क्रमांकाने सांगण्याची प्रथा आहे. ६०–१२० मेशची जाड सिलिका (साधारण १२५ ते २५० मायक्रोमीटर) आणि १००–२०० मेशची मध्यम सिलिका यांतून द्रावक स्वतःच्या वजनाने वाहतो. २३०–४०० मेशच्या बारीक सिलिकेत (४० ते ६३ मायक्रोमीटर) विलगन अधिक रेखीव होते. परंतु द्रावकाला वरून हवेचा किंवा नायट्रोजनचा दाब द्यावा लागतो. डब्ल्यू. क्लार्क स्टिल, मायकेल कान व अभिजित मित्रा यांनी १९७८ मध्ये वर्णन केलेली 'फ्लॅश' पद्धत हीच. पूर्वी ज्या कामाला दिवस जात असे ते तिच्यामुळे तासाच्या आत होऊ लागले. महाविद्यालयात दाबाची सोय नसेल तर बारीक सिलिका घेण्याचा मोह टाळावा. तिच्यातून द्रावक थेंबथेंब उतरतो आणि तेवढ्या वेळात विलग झालेले पट्टे पुन्हा पसरून एकमेकांत मिसळतात.

सिलिका किती घ्यावी याचा सर्वसाधारण अंदाज असा, की १ ग्रॅम मिश्रणासाठी २० ते ५० ग्रॅम सिलिका पुरते. घटक एकमेकांच्या फार जवळ असतील तर हे प्रमाण १०० ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक न्यावे लागते.

सिलिका किंचित आम्लधर्मी आहे आणि तिच्या बहुतेक अडचणी येथूनच उगवतात. अमाइन वर्गातील आम्लारीधर्मी संयुगे सिलॅनॉल गटांना धरून राहतात व लांब शेपटीसारखी ओघळत बाहेर येतात. वनस्पतींतील अल्कलॉइडे याच वर्गातली. द्रावकात शेकडा अर्धा ते दोन भाग ट्रायएथिलअमाइन मिसळल्यास ते सिलॅनॉल गटांशी आधीच गुंतते आणि शेपटी आखूड होते. आम्लाने तुटणारी संयुगे, उदाहरणार्थ ॲसिटाल किंवा काही एपॉक्साइडे, सिलिकेवर अंशतः वा पूर्णतः नष्ट होतात. त्यांच्यासाठीही ट्रायएथिलअमाइनने धुतलेली सिलिका उपयोगी पडते. ती पुरेशी नसेल तर अधिशोषकच बदलावा लागतो.

== अ‍ॅल्युमिना ==

अ‍ॅल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, तीन प्रकारांत मिळते: आम्लधर्मी, उदासीन व आम्लारीधर्मी. पाण्यात कालवल्यास त्यांचा सामू अनुक्रमे साडेचार, सात आणि साडेनऊ-दहा यांच्या जवळपास असतो. सिलिकेवर शेपटी टाकणारी अमाइने आम्लारीधर्मी अ‍ॅल्युमिनावर सहसा शिस्तीने उतरतात.

अ‍ॅल्युमिनाची पकड तिच्यातील पाण्याच्या प्रमाणावर अवलंबून असते. हान्स ब्रॉकमन व श्कोडर यांनी १९४१ मध्ये रंगद्रव्यांच्या साहाय्याने तिच्या क्रियाशीलतेच्या पाच श्रेणी ठरवल्या. पूर्ण कोरडी अ‍ॅल्युमिना ही पहिली श्रेणी. तीत वजनाच्या ३ टक्के पाणी मिसळले की दुसरी, ६ टक्के मिसळले की तिसरी, १० टक्क्यांना चौथी आणि १५ टक्क्यांना पाचवी श्रेणी मिळते. श्रेणीचा आकडा वाढतो तशी पकड सैल होते, हे नवख्यांना उलटे वाटते. पहिल्या श्रेणीची अ‍ॅल्युमिना क्वचितच लागते. पुष्कळ कामांना तिसरी श्रेणी बरी पडते. बाटलीवर 'उदासीन' असे लिहिलेले आहे एवढ्यावरून श्रेणी कळत नाही, ती वेगळी पाहावी लागते.

आम्लारीधर्मी अ‍ॅल्युमिना निरुपद्रवी नाही. तिच्यावर काही एस्टरांचे जलापघटन होते, आणि ॲसिटोन द्रावक म्हणून वापरल्यास त्याचेच दोन रेणू जोडले जाऊन नवा पदार्थ तयार होतो. हळदीतील कुरकुमीन हे याबाबतीत चांगले उदाहरण आहे. हळदीवर चुना पडला की ती लाल होते, हे प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. आम्लारीच्या सान्निध्यात कुरकुमीनचे रूप बदलते आणि ते हळूहळू तुटूही लागते. शिवाय या रेणूतील ऑक्सिजनांची जोडी धातूच्या आयनाला चिमट्यासारखी धरते. म्हणून हळदीतील रंजकद्रव्यांसाठी अ‍ॅल्युमिना टाळून सिलिकाच घ्यावी. डायक्लोरोमिथेनमध्ये थोडे थोडे मेथॅनॉल वाढवत नेले असता प्रथम कुरकुमीन, मग एक मेथॉक्सी गट कमी असलेला त्याचा भाऊबंद आणि शेवटी दोन्ही गट नसलेला तिसरा घटक, असे तीन पिवळे पट्टे उतरतात. पदवी वर्गासाठी यासारखा प्रयोग नाही. पट्टे डोळ्यांना दिसतात, कच्चा माल किराणा दुकानात मिळतो आणि रेणूतील एका लहानशा गटाने क्रम कसा ठरतो ते विद्यार्थ्याला स्वतः पाहता येते.

== चांदीने संस्कारित सिलिका आणि पुण्यातील संशोधन ==

दोन रेणूंमधील फरक ध्रुवीयतेचा नसून केवळ दुहेरी बंधांच्या संख्येचा किंवा जागेचा असेल, तर साधी सिलिका निरुपयोगी ठरते. सुगंधी तेलांतील सेस्क्विटर्पीन या पंधरा कार्बन अणूंच्या हायड्रोकार्बनांची अडचण नेमकी हीच असते. ती सगळी अध्रुवीय असल्यामुळे सिलिकेवर घोळक्याने, द्रावकाच्या पुढच्या धारेबरोबर बाहेर पडतात.

पुण्याच्या पाषाण भागात १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुख देव यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय वनस्पतींतील टर्पीन संयुगांवर मोठे काम झाले. चिरपाइन वृक्षापासून मिळणारे लाँगिफोलीन आणि देवदाराच्या तेलातील हिमाचलीन ही त्यांतली परिचित नावे. अशा कामात विलगन हा पाठीचा कणा असतो. रेणूची रचना ठरवण्याआधी तो एकटा हाती यावा लागतो. चांदीचे आयन दुहेरी बंधाशी सैल व उलटवता येण्याजोगी जोडणी करतात. १९६२ च्या सुमारास परदेशी संशोधकांनी मेदाम्लांच्या विलगनासाठी सिल्व्हर नायट्रेट मिसळलेली सिलिका वापरली होती. पुण्यातून ए. एस. गुप्ता व सुख देव यांनी १९६३ मध्ये दुहेरी बंधयुक्त संयुगांच्या पातळ थर वर्णलेखनावर लेख प्रसिद्ध केला आणि टर्पीनांच्या क्षेत्रात या मार्गाची उपयुक्तता दाखवली.

सिलिकेत साधारणपणे वजनाच्या १० टक्के सिल्व्हर नायट्रेट मिसळतात. ते पाण्यात किंवा ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळवून सिलिकेवर ओततात आणि द्रावक उडवून लावतात. प्रकाशात चांदी काळी पडते, म्हणून नळीला बाहेरून ॲल्युमिनियमची पन्नी गुंडाळतात. हातमोजे न घालता काम केल्यास बोटांवर पडलेले काळे डाग दिवसेंदिवस जात नाहीत. रेणूतील दुहेरी बंध जितका उघडा, तितका तो चांदीला अधिक धरतो; भोवती गर्दी असलेला बंध लवकर सुटतो. ध्रुवीयता सारखी असूनही केवळ बंधाच्या ठेवणीवरून येथे रेणू ओळखला जातो.

== कांदा, द्राक्षे आणि पाण्यात रमणारे रेणू ==

नाशिक जिल्ह्यातील दोन प्रमुख पिके, कांदा व द्राक्षे, यांतील रंजकद्रव्ये वरील दोन्ही प्रचलित अधिशोषकांवर नीट चालत नाहीत. कांद्याच्या बाहेरील कोरड्या सालीत क्वेर्सेटिन हे फ्लेवोनॉइड भरपूर असते. त्याला पाच हायड्रॉक्सिल गट आहेत. सिलिकेवर ते ओघळत जाते आणि अ‍ॅल्युमिनावर इतके घट्ट बसते की व्यवहारात परत मिळत नाही. अशा बहुफिनॉलांसाठी सेफाडेक्स एलएच-२० हे डेक्स्ट्रान या शर्करेच्या साखळ्यांपासून केलेले फुगणारे जेल किंवा पॉलिअमाइडची भुकटी वापरतात. सेफाडेक्स महाग असते. परंतु मेथॅनॉलने धुऊन ते पुन्हापुन्हा वापरता येते.

काळ्या द्राक्षांच्या सालीतील अँथोसायनिने त्याहून अवघड आहेत. ती भारित असतात, पाण्यात विरघळतात आणि आम्लधर्मी द्रावणातच आपला लाल रंग राखतात. त्यांच्यासाठी सिलिकेला अठरा कार्बन अणूंच्या मेदासारख्या साखळ्या जोडून केलेली 'सी-१८' प्रावस्था घेतात. येथे सारा क्रम उलटतो. स्थिर प्रावस्था अध्रुवीय आणि चल प्रावस्था पाण्याची, म्हणून तिला उलट प्रावस्था म्हणतात. द्राक्षाच्या सालीचा अर्क तिच्यावर ओतून आम्लयुक्त पाण्याने धुतला की साखर व टार्टरिक आम्ल निघून जातात. एथिल ॲसिटेटने इतर फिनॉले जातात. आणि शेवटी आम्लयुक्त मेथॅनॉल घातले की गडद लाल पट्टा सुटून खाली येतो.

== निवडीची चाचणी ==

स्तंभ भरण्यापूर्वी पातळ थर वर्णलेखनाच्या पट्टीवर चाचणी घेणे हा सर्वमान्य नियम आहे. पट्टीवर ठिपक्याने कापलेले अंतर भागिले द्रावकाने कापलेले अंतर, यास आरएफ मूल्य म्हणतात. हव्या असलेल्या संयुगाचे हे मूल्य ०.२ ते ०.३५ यांच्या दरम्यान येईल असा द्रावक निवडतात. सिलिकेच्या पट्टीवरून सिलिकेच्याच स्तंभाचा अंदाज बांधावा, अ‍ॅल्युमिनाच्या नव्हे.

संयुग अधिशोषकावर टिकेल की नाही, हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. चौकोनी पट्टीच्या एका कोपऱ्यात मिश्रणाचा ठिपका देऊन ती एकदा चालवावी, वाळवावी, काटकोनात वळवावी आणि त्याच द्रावकात पुन्हा चालवावी. सर्व घटक शाबूत असतील तर ठिपके एका तिरप्या रेषेवर येतात. एखादा ठिपका रेषेबाहेर दिसला तर तो पदार्थ पट्टीवर असतानाच निर्माण झाला, असे समजावे. पट्टी वळवण्यापूर्वी ती तास-दोन तास तशीच ठेवली तर हळू होणारा बिघाडही उघड होतो. या चाचणीला अर्धा दिवस व चिमूटभर पदार्थ लागतो. ती न करता महिन्याभराच्या मेहनतीने बनवलेला पदार्थ थेट सिलिकेवर ओतणे हे धाडस आहे.

हवामानाचाही विचार करावा लागतो. सिलिका हवेतील ओल टिपून घेते आणि पाण्याने व्यापलेले सिलॅनॉल गट रेणूंना कमी धरतात. नाशिकसारख्या ठिकाणी एप्रिलच्या कोरड्या हवेत ठरवलेला द्रावक जुलैच्या पावसात तसाच लागू पडेल, असे गृहीत धरू नये. उघड्या डब्यातील सिलिका ११० ते १२० अंश सेल्सिअसला काही तास तापवून, बंद भांड्यात निववून वापरल्यास हा फरक कमी होतो. कोरडी सिलिका ओतताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते. तोंडावर मास्क बांधून, धूर खेचणाऱ्या कपाटातच हे काम करावे.

== नाशिकची द्राक्षे आणि क्लोरमेक्वॅट ==

स्थिर प्रावस्थेची निवड हा केवळ प्रयोगशाळेतील विषय नाही, याचे उदाहरण नाशिक जिल्ह्यातच मिळते. येथून युरोपात द्राक्षांची मोठी निर्यात होते. २००३-०४ च्या हंगामापासून निर्यातीच्या द्राक्षांतील कीडनाशकांच्या अवशेषांवर देखरेख ठेवण्याचा कार्यक्रम राबवला जातो आणि पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात त्यासाठी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे.

द्राक्षाच्या अर्कात साखर, आम्ले व रंजकद्रव्ये मुबलक असतात. शोधायचे द्रव्य मात्र किलोमागे मिलिग्रॅमच्या शतांशाइतके असू शकते. त्यामुळे आधी अर्क स्वच्छ करावा लागतो आणि येथेही अधिशोषकाची निवड आलीच. अमिनो गट जोडलेली सिलिका आम्ले व काही शर्करा धरून ठेवते. ग्राफाइटसदृश कार्बन रंजकद्रव्ये उत्तम काढतो. परंतु थायाबेंडाझोलसारखी सपाट रेणूंची कीडनाशकेही तो स्वतःकडेच ठेवतो. मग चाचणीत ते द्रव्य कमी दिसते किंवा दिसतच नाही. अर्क जितका रंगहीन तितका चांगला, असे मानणाऱ्याची येथे फसगत होते.

स्वच्छ केलेला अर्क पुढे बारीक पोलादी स्तंभातून दाबाने पाठवतात. स्तंभात बहुधा सी-१८ प्रावस्था असते आणि शेवटी वस्तुमान वर्णपटमापक रेणू ओळखतो. शेकडो कीडनाशके या मार्गाने एकाच फेरीत तपासता येतात, कारण त्यांपैकी बहुतेक अध्रुवीय किंवा मध्यम ध्रुवीय असतात.

क्लोरमेक्वॅट क्लोराइड मात्र या वर्गात बसत नाही. शेतकऱ्यांत ते 'सीसीसी' या नावाने ओळखले जाते. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर शेंड्यांची वाढ रोखून काडीत घडनिर्मिती चांगली व्हावी, यासाठी हे वाढनियंत्रक फवारले जात असे. त्याच्या रेणूतील नायट्रोजनवर कायमचा धन विद्युतभार असतो. एथिल ॲसिटेटने अर्क काढला तर ते द्राक्षातच मागे राहते. पाणी-मेथॅनॉलने काढून सी-१८ स्तंभावर सोडले तर तेथील मेदसदृश साखळ्यांना ते ओळखही दाखवत नाही. साखर व क्षार यांच्या गर्दीबरोबर ते पहिल्याच क्षणी बाहेर पडते आणि त्या गर्दीत त्याचे मापन विश्वासार्ह राहत नाही. म्हणजे शेकडो द्रव्यांची यादी तपासणारी उत्तम पद्धत या एका द्रव्याबाबत आंधळी असू शकते. अहवालात 'आढळले नाही' असे असेल, तर ते द्राक्षांत नव्हते की स्तंभाला दिसले नाही, हे दोन निरनिराळे अर्थ होतात.

२०१० च्या हंगामात युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वॅटचे अवशेष युरोपीय संघाच्या मर्यादेपेक्षा (किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम) अधिक आढळले. माल अडकला, भाव कोसळले आणि निर्यातदारांबरोबर बागायतदारांनाही मोठा आर्थिक फटका बसला. हे द्रव्य वनस्पतीत दीर्घकाळ टिकते. त्यामुळे काढणीच्या कित्येक महिने आधी, फळ धरण्यापूर्वी केलेली फवारणीही निर्धोक ठरत नाही. नंतरच्या हंगामांपासून क्लोरमेक्वॅटचा समावेश निर्यातपूर्व तपासणीत करण्यात आला.

अशा द्रव्यासाठी स्तंभ वेगळा लागतो. सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग म्हणजे साखळ्या न जोडलेली साधी सिलिका किंवा तिच्यासारखी ध्रुवीय प्रावस्था, आणि तिच्यावरून भरपूर ॲसिटोनायट्राइल व थोडे क्षारयुक्त पाणी. सिलिकेच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर जमतो. क्लोरमेक्वॅट त्या थरात शिरते. शिवाय सिलिकेवरील ऋणभारित जागाही त्याच्या धनभाराला आकर्षून घेतात, आणि ते साखरेच्या गर्दीपासून वेगळे, उशिरा बाहेर येते. १९४१ मध्ये मार्टिन व सिंज यांनी सिलिकेवर धरलेला पाण्याचा थर येथे पुन्हा कामाला आला आहे. सौम्य ऋणभारित गट जोडलेले आयन-विनिमय स्तंभही याच कामासाठी वापरतात. दोन्ही मार्गांत क्लोरमेक्वॅटची तपासणी इतर कीडनाशकांच्या फेरीत मिसळता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र अर्क काढून तो स्वतंत्र स्तंभावर चालवावा लागतो.